सोनारकामातील ज्योत : निवड आणि सुरक्षित वापर

मुंबादेवीच्या देवळापासून काळबादेवी रस्त्याकडे निघालेल्या वाटसरूला झवेरी बाजारातील काचांमागे मांडलेले दागिने दिसतात. ते दागिने ज्या खोल्यांत घडतात त्या मात्र त्याच्या दृष्टीस पडत नाहीत. धनजी स्ट्रीट, विठ्ठलवाडी, भुलेश्वर या भागांतील जुन्या इमारतींचे अरुंद जिने चढून गेले म्हणजे वरच्या मजल्यांवर लहान लहान खोल्या लागतात. एकेका खोलीत पाच-सहा कारागीर मांडी घालून बसलेले असतात. प्रत्येकापुढे बुटके मेज, ऐरण, चिमटे, सवागीची वाटी आणि हातात निळसर ज्योत. गिरगावातील वाड्यांत, दादरच्या बाजारपेठेत, परळ-लालबागच्या चाळींच्या तळमजल्यावरील सोनाराच्या दुकानातही हेच दृश्य कमी-अधिक प्रमाणात पाहावयास मिळते.

सोनाराच्या साऱ्या हत्यारांत ही ज्योत सर्वांत नाजूक आणि तितकीच धोक्याची होय. हातोडीचा घाव चुकला तर पत्रा दबतो व तो पुन्हा सरळ करता येतो. ज्योत चुकली तर क्षणार्धात दागिना वितळतो, आणि ती हाताबाहेर गेली तर इमारतच पेटते. असे असूनही टॉर्च विकत घेताना कारागीर बहुधा दोनच गोष्टी पाहतो: किंमत किती आणि आच किती प्रखर. प्रत्यक्षात प्रश्न वेगळे आहेत. हातातील काम कोणते आणि ज्या खोलीत ही ज्योत जळणार ती खोली कशी, हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. ज्योत कामाच्या मापाची हवी, तशीच ती जागेच्याही मापाची हवी, हे सूत्र ध्यानी धरले तर पुढील बहुतेक निर्णय सोपे होतात.

फुंकणीपासून गॅसपर्यंत

आपल्याकडील पारंपरिक सोनार मातीची शेगडी, लाकडी कोळसा, तेलाचा दिवा आणि पितळेची वाकडी फुंकणी यांवर काम करीत असे. दिव्याच्या ज्योतीवर फुंकणीतून बारीक झोत सोडला म्हणजे ज्योत वळते, निमुळती होते आणि नेमक्या जागी आच देते. गालांत हवा साठवून ती सलग सोडीत राहावयाचे व त्याच वेळी नाकाने श्वास घ्यावयाचा, ही विद्या साधण्यास उमेदवाराची वर्षे जात. या पद्धतीत एक मोठा गुण होता. ज्योत माणसाच्या श्वासाएवढीच राही. श्वास थांबला की ती निवे. मात्र तिची किंमत फुफ्फुसांना मोजावी लागे. बंद खोलीत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू निघतो, आणि शेगडीवर तासन्‌तास ओणवा बसणारा कारागीर तोच वायू श्वासावाटे घेत असे.

मुंबई शहराचा गॅसशी परिचय जुना आहे. दगडी कोळशापासून बनविलेल्या गॅसचे दिवे शहराच्या काही रस्त्यांवर ऑक्टोबर १८६५ मध्ये प्रथम लागले. हा गॅस बनविणाऱ्या कंपनीचा कारखाना परळ-लालबाग भागात होता. तो गॅस कधीच बंद झाला, परंतु लालबागमधील 'गॅस कंपनी लेन' हे नाव अजून टिकून आहे. पुढे १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने मुंबईत सिलिंडरमधून द्रवरूप पेट्रोलियम वायू, म्हणजेच आजचा एल.पी.जी., पुरविण्यास आरंभ केला. सोनाराच्या पाटाशीही हळूहळू तेल-कोळशाची जागा या गॅसने घेतली.

आज सोनारकामात साधारणतः पाच प्रकारच्या टॉर्च आढळतात. पहिली, एल.पी.जी. व तोंडाची फुंक यांवर चालणारी. दुसरी, एल.पी.जी. आणि पायाने चालविण्याचा भाता यांची. तिसरी, पेट्रोलच्या वाफेवर चालणारी. चौथी, एल.पी.जी. किंवा ॲसिटिलीन यांना सिलिंडरमधील प्राणवायूची जोड देणारी. पाचवी, विजेच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करून मिळणाऱ्या हायड्रोजन व प्राणवायूवर जळणारी; हिला बाजारात 'वॉटर टॉर्च' म्हणतात.

तापमान आणि उष्णता

टॉर्चच्या निवडीत सर्वाधिक गल्लत होते ती तापमान व उष्णता या दोन गोष्टी एकच मानल्यामुळे. एल.पी.जी. हवेत जळताना ज्योतीचे तापमान सुमारे १,९०० अंश सेल्सियसपर्यंत जाते. त्याच गॅसला शुद्ध प्राणवायू मिळाला की ते सुमारे २,८०० अंशांवर पोहोचते. ॲसिटिलीन व प्राणवायू यांची ज्योत ३,१०० अंशांच्या आसपास असते. आता धातूंकडे पाहू. शुद्ध चांदी ९६२ अंशांवर वितळते, शुद्ध सोने १,०६४ अंशांवर, तांबे १,०८५ अंशांवर. जोड सांधण्यासाठी जी सहज वितळणारी मिश्रधातू वापरतात, तिला डाख म्हणतात. चांदीच्या कामातील बहुतेक डाख सुमारे ६५० ते ८०० अंशांच्या दरम्यानच वितळतात. म्हणजे हवेवर जळणारी साधी गॅसची ज्योतसुद्धा सोन्याचांदीच्या कामाला पुरेशी तप्त असते. मग काही वेळा डाख का धावत नाही? कारण ज्योत तप्त असली तरी ती पुरेशी मोठी नसते. वाटीभर उकळत्या पाण्याने घंगाळ तापत नाही, तसाच हा प्रकार होय.

ज्योतीचा रंग व आकार कारागिराला बरेच काही सांगतो. गॅस अधिक व हवा कमी असली म्हणजे ज्योत पिवळी, लांब आणि धूर सोडणारी होते; तिने दागिन्यावर काजळी धरते. हवा किंवा प्राणवायू अधिक झाला म्हणजे ती आखूड, फिकट व सुसाट आवाज करणारी होते. अशा ज्योतीत मिश्रधातूतील तांबे प्राणवायूशी संयोग पावून काळे पडते, डाख पसरत नाही आणि चांदीच्या पृष्ठाखाली न निघणारे डाग राहतात. या दोहोंमधील, किंचित गॅसकडे झुकलेली, मऊ निळी ज्योत झाळण्याच्या कामास उत्तम. ज्योतीच्या आत जो लहान निळा शंकू दिसतो त्याच्या टोकाच्या थोडे पुढे सर्वाधिक उष्णता असते. नवशिका तो शंकूच दागिन्यावर टेकवितो आणि आच येत नाही म्हणून गॅस वाढवितो. अपघातांचा आरंभ येथेच होतो.

काम तशी ज्योत

डाख नेहमी उष्णतेच्या मागे धावतो. म्हणून ज्योत डाखेवर न धरता जोडाच्या दोन्ही बाजूंच्या धातूवर फिरवावयाची, व दोन्ही भाग सारखे तापले की डाख आपोआप सांध्यात ओढला जातो. हे तत्त्व समजले की कोणत्या कामाला कोणती ज्योत लागेल हे ठरविता येते.

ठुशीचे बारीक मणी, साखळीच्या कड्या, नथीची तार या कामांना सुईच्या अग्राएवढी टोकदार ज्योत लागते. येथे फुंकणीची गॅस-टॉर्च, लहान तोंडाची प्राणवायू-टॉर्च किंवा वॉटर टॉर्च उपयोगी पडते. पाटल्या, तोडे यांना मध्यम रुंदीची ज्योत हवी. पायाच्या भात्याची एल.पी.जी. टॉर्च हे काम चांगले करते. चांदीची गोष्ट निराळी आहे. सर्व धातूंत चांदी ही उष्णतेची सर्वोत्तम वाहक असल्याने एका जागी दिलेली आच ती तत्काळ सर्व अंगभर पसरविते. गणेशोत्सवाच्या आधी लालबाग-परळ, गिरगाव या भागांत मूर्तींसाठी चांदीचे मुकुट, हार, मोदक यांची मागणी वाढते. असल्या मोठ्या वस्तू सुईसारख्या ज्योतीने झाळता येत नाहीत. त्यांना मोठ्या तोंडाची, झुबकेदार व मऊ ज्योत लागते आणि वस्तू आधी संपूर्ण तापवून घ्यावी लागते. प्लॅटिनम १,७६८ अंशांवर वितळते. त्या कामाला मात्र प्राणवायूची जोड अपरिहार्य असते. परंतु जो कारागीर आयुष्यात कधी प्लॅटिनम हाताळणार नाही, त्याने केवळ 'अधिक ताकदीची' म्हणून ॲसिटिलीनची टॉर्च घेणे म्हणजे दिवा लावण्यास वणवा आणणे होय. ॲसिटिलीनच्या प्रखर ज्योतीने बारीक काम जोडले जाण्याआधीच वितळून जाते.

आपल्या पारंपरिक दागिन्यांच्या घडणीत ज्योतीच्या दृष्टीने तीन सावधगिऱ्या सांगण्यासारख्या आहेत. पहिली पोकळ वस्तूंबाबत. मंगळसूत्राच्या वाट्या किंवा पोकळ मणी सर्व बाजूंनी बंद करून तापविले तर आत अडकलेली हवा व ओलावा प्रसरण पावून ते फुटतात आणि तप्त धातूचा तुकडा थेट चेहऱ्यावर उडतो. हवा जाण्यास बारीक छिद्र ठेवल्यावाचून पोकळ वस्तूवर ज्योत धरू नये. दुसरी सावधगिरी लाखेची. जुन्या बोरमाळेसारखे काही पोकळ दागिने आत लाख भरून घडविलेले असतात. दुरुस्तीस आलेला असा दागिना लाख पूर्णपणे काढल्याशिवाय तापविला तर जळती लाख उसळून हातावर येते आणि कातडीला चिकटते. तिसरी सावधगिरी मोत्यांची. नथीतील मोत्यांना आच सोसत नाही, म्हणून झाळण्याचे सर्व काम मोती ओवण्यापूर्वीच पुरे झाले पाहिजे. दुरुस्तीच्या वेळी मोती काढून ठेवण्याचा कंटाळा केला तर गिऱ्हाइकाचे नुकसान अटळ असते.

जागा तशी ज्योत

येथवर कामाचा विचार झाला. दुसरे माप जागेचे, आणि दक्षिण व मध्य मुंबईत ते अधिक महत्त्वाचे ठरते. येथील अनेक इमारती लाकडी तुळ्या, लाकडी जिने व सज्जे यांवर उभ्या आहेत. गल्ल्या अरुंद असल्याने अग्निशमन दलाच्या गाड्या आत नेणे कठीण जाते. दिनांक ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास या इमारतीस आग लागली. ती विझविताना इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी प्राणास मुकले. दलाचे प्रमुख त्यांत होते. कोणत्याही कारणाने लागलेली आग या वस्तीत किती महाग पडते, याचा याहून विदारक दाखला नाही. दिनांक ६ डिसेंबर २०२० रोजी लालबागच्या साराभाई इमारतीतील एका घरात गळलेल्या गॅसचा स्फोट होऊन अनेक रहिवासी होरपळले व त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणांचा सोनारकामाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु ज्या प्रकारच्या इमारतींत सोनारकाम चालते त्याच प्रकारच्या या वस्त्या आहेत, आणि सोनाराच्या पाटाशी असणारा वायूही तोच आहे.

एल.पी.जी. हवेपेक्षा सुमारे दीड ते दोन पट जड असतो. गळला की तो वर न जाता जमिनीलगत साचतो, जिन्यावरून खालच्या मजल्यावर उतरतो, मोरीत शिरतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्के झाले की ठिणगीने भडका उडू शकतो. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशी खोली घेतली तर अवघा दीड किलो गॅस संपूर्ण खोलीतील हवा या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरतो. आणि तो तळाशीच साचत असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी गॅस धोका निर्माण करतो. व्यापारी वापराच्या एका सिलिंडरमध्ये १९ किलो गॅस असतो, हे येथे लक्षात ठेवावे. कारागीर जमिनीवर बसून काम करतो, म्हणजे गॅस जेथे साचतो नेमक्या त्याच पातळीवर त्याची ज्योत असते. म्हणून वरची खिडकी उघडी आहे एवढ्याने भागत नाही. जमिनीलगत हवा खेळती राहील अशी जाळी दारापाशी किंवा भिंतीत असणे आवश्यक आहे. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो व छताकडे जातो. तेथे वरची वाट मोकळी हवी. जेथे नळाचा वायू अधिकृतपणे मिळू शकतो तेथे सिलिंडरचा साठा टाळता येतो, हा त्याचा मोठा लाभ होय.

जागेच्या दृष्टीने पाहता पेट्रोलच्या वाफेवरील टॉर्च वस्तीतील कोणत्याही इमारतीत वापरू नये, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. भात्याची हवा पेट्रोलच्या डब्यातून जाते आणि वाफमिश्रित होऊन नळीत येते. म्हणजे ज्वालाग्राही मिश्रण नळीतच तयार असते. पेट्रोलची वाफ थंडीच्या दिवसांतही पेट घेते. भात्याचा दाब कमी झाला की ज्योत उलटी आत शिरण्याचा संभव असतो. वॉटर टॉर्चला सिलिंडर लागत नाही व बारीक कामाला ती सोयीची आहे. परंतु तिच्या नळीतही हायड्रोजन व प्राणवायू एकत्रच वाहतात, म्हणून ज्योत मागे येऊ न देणारा ज्वालारोधक तिला असलाच पाहिजे. शुद्ध हायड्रोजनची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, याचेही भान ठेवावे.

सिलिंडर, नळी आणि प्राणवायू

घरगुती वापराचा १४.२ किलोचा सिलिंडर व्यवसायासाठी वापरणे हा २००० सालच्या एल.पी.जी. वितरणविषयक आदेशाचा भंग होय. वायू सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे एकूण १०० किलोपर्यंत एल.पी.जी. परवान्याशिवाय ठेवता येतो. ही मर्यादा कमाल आहे, ती गाठलीच पाहिजे असे नव्हे. या नियमांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना पाहते. शिवाय मुंबईत धोकादायक वस्तूंचा साठा व व्यवसाय यांसाठी मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३९४ अन्वये परवान्याची तरतूद आहे. लहान कारखान्याने चालू सिलिंडर एकच ठेवावा, तो उभा ठेवावा, ज्योतीपासून दूर व जिन्याची वाट अडणार नाही अशा जागी ठेवावा.

नळी भारतीय मानक चिन्हाचीच घ्यावी व तीवर छापलेली मुदत संपताच बदलावी. गळती शोधण्यास साबणाचे पाणी वापरावे. बुडबुडा आला की गळती आहे. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग अजूनही आढळतात, आणि त्यांतील काहींची दुसरी काडी ओढण्याची वेळ येत नाही.

प्राणवायू स्वतः जळत नाही, परंतु जळणाऱ्या प्रत्येक वस्तूला तो चेतवितो. भरलेल्या सिलिंडरमध्ये त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो असतो. झडपेला तेल किंवा ग्रीस लावले, अथवा तेलकट हातांनी ती उघडली, तर ठिणगीवाचूनही आग लागू शकते. औद्योगिक प्राणवायूचा सिलिंडर काळ्या रंगाचा असतो. तो साखळीने भिंतीस बांधून ठेवावा, कारण पडून झडप तुटली तर सिलिंडर तोफगोळ्यासारखा सुटतो. दाबनियंत्रक व ज्वालारोधक दोन्ही वायूंच्या वाटेवर असावेत. ज्वलनशील वायूच्या जोडणीचे आटे डावे व प्राणवायूचे उजवे असतात. अदलाबदल होऊ नये म्हणूनच ही योजना आहे. जोर लावून किंवा जुगाड करून ती मोडू नये.

एल.पी.जी. व प्राणवायूची टॉर्च वापरण्याचा क्रम कारखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा, तो असा :

१. खोलीत शिरताच वास घ्यावा. गॅसचा वास आला तर विजेचे बटण दाबू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात.
२. टॉर्चच्या दोन्ही चाव्या बंद आहेत याची खात्री करून मगच सिलिंडरच्या झडपा सावकाश उघडाव्यात.
३. प्रथम गॅसची चावी किंचित उघडून ज्योत पेटवावी. नंतर थोडा थोडा प्राणवायू सोडावा.
४. विझविताना प्रथम प्राणवायू बंद करावा, नंतर गॅस.
५. पेटती टॉर्च हातावेगळी करू नये. ठेवायची झाल्यास विझवूनच ठेवावी.
६. काम संपल्यावर सिलिंडरची झडप बंद करावी, नळीतील उरलेला वायू जाळून संपवावा व त्यानंतर अर्धा तास तरी खोलीत कोणी असावे. लाकडात धुमसणारी ठिणगी बराच वेळ दिसत नाही.

वाफा आणि शरीर

एक घनमीटर एल.पी.जी. पूर्ण जळण्यास पंचवीस ते तीस घनमीटर हवा लागते. बंद खोलीत चार टॉर्च जळत असतील तर त्या कारागिरांच्या श्वासातीलच हवा घेत असतात. डोके जड होणे, मळमळणे ही केवळ थकव्याची लक्षणे समजू नयेत.

याहून गंभीर बाब कॅडमियमची. सोन्याचा कस न घटता डाख सहज धावावा म्हणून त्यात कॅडमियम मिसळण्याची रीत अनेक वर्षे होती. असे दागिने 'केडीएम' या नावाने विकले गेले. कॅडमियम ७६७ अंशांवर उकळते, म्हणजे टॉर्चच्या ज्योतीत त्याची वाफ होणारच. ही वाफ फुफ्फुसांना व मूत्रपिंडांना इजा करते आणि ती कर्करोगकारक ठरलेली आहे. त्रास काही तासांनी जाणवत असल्याने कारागिराला कारणाचा उलगडाही होत नाही. गिऱ्हाईक दागिना घालते. वाफ मात्र कारागीर श्वासात घेतो. जस्त व इंडियम वापरून केलेले डाख आज उपलब्ध आहेत, आणि तेच वापरले पाहिजेत. जुना 'केडीएम' दागिना दुरुस्तीस आला तर तो धूर ओढून नेणाऱ्या पंख्याखालीच तापवावा.

ज्योतीखाली ठेवण्यास पूर्वी ॲस्बेस्टॉसचे पत्रे वापरीत. त्याचे तंतू फुफ्फुसांत कायमचे रुतून बसतात. त्याऐवजी कोळशाची वडी, अग्निवीट किंवा सिरॅमिकची फळी घ्यावी. झाळलेला तप्त दागिना तेजाबात थेट बुडवू नये. उडणारे शिंतोडे व वाफ डोळ्यांत जाते. तेजाब पातळ करताना तेजाब पाण्यात ओतावे, पाणी तेजाबात कदापि ओतू नये. अंगावर सुती कपडे असावेत. नायलॉनचा सदरा जळताना वितळून कातडीला चिकटतो. प्राणवायूच्या टॉर्चवर काम करताना योग्य छटेचा गडद चष्मा घालावा.

या वाफा खिडकीबाहेर सोडल्या म्हणजे प्रश्न सुटत नाही. तो शेजाऱ्याच्या घरात जातो. २०२३-२४ च्या हिवाळ्यात मुंबई महानगरपालिकेने प्रदूषणाच्या कारणावरून सी विभागातील सोने-चांदी वितळविणाऱ्या काही कारखान्यांची धुराडी हटविली. रहिवाशांची तक्रार रास्त आहे आणि कारागिराची भाकरीही खरी आहे. वाफ शोषून घेणारी यंत्रणा, वितळविण्यासाठी विजेची भट्टी आणि झाळण्यापुरतीच लहान ज्योत, असा मार्ग स्वीकारल्यास दोघांचेही हित साधू शकते.

अपघात घडल्यास

भाजलेला भाग ताबडतोब वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, तूप, हळद, शाई किंवा दंतमंजन लावू नये. अंगठी, कडे सूज येण्यापूर्वी काढावे. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. मोठ्या भाजण्यासाठी भायखळ्याचे मसिना व चिंचपोकळीचे कस्तुरबा ही रुग्णालये या भागास जवळची आहेत. आगीसाठी १०१, गॅसगळतीसाठी १९०६ आणि कोणत्याही आणीबाणीत ११२ हे क्रमांक क्रमावलीशेजारीच लिहिलेले असावेत. गळणाऱ्या सिलिंडरने पेट घेतला व झडप सुरक्षितपणे बंद करता येत नसेल तर ज्योत विझविण्याच्या भरीस न पडता माणसे बाहेर काढावीत. ज्योत विझली पण गळती चालूच राहिली तर पुढे होणारा स्फोट अधिक भयंकर असतो.

पंचायत, शाळा आणि अधिकारी

हा विषय केवळ मुंबईचा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी चांदीकामासाठी प्रसिद्ध आहे, आणि तालुक्याच्या प्रत्येक बाजारपेठेत सोनाराचे दुकान असतेच. दिनांक १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सोनारकामाचा समावेश आहे. या योजनेत प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीच्या व्याजाचे कर्ज यांची तरतूद आहे. अर्जदाराची पहिली पडताळणी ग्रामीण भागात ग्रामपंचायतीच्या व शहरात नागरी स्थानिक संस्थेच्या पातळीवर होते. म्हणजे कारागिराची भेट ज्यांना प्रथम घडते ते पंचायत सदस्यच होत. अर्जाच्या कागदांसोबत त्यांनी आणखी चार प्रश्न विचारावेत : गॅस कोणता, सिलिंडर कोठे ठेवता, जमिनीलगत हवेला वाट आहे काय, नळी केव्हा बदलली? अवजारांच्या साहाय्यातून मोठी टॉर्च घेण्याऐवजी लहान टॉर्च, चांगला दाबनियंत्रक, ज्वालारोधक व अग्निवीट घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल, हे त्याला समजावून सांगावे.

शिक्षकांनाही येथे वाव आहे. ज्वलन, वायूंची घनता, उष्णतावहन हे विज्ञानाचे धडे सोनाराच्या पाटाशी जिवंत होतात. दरवर्षी १४ ते २० एप्रिल या काळात अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. दिनांक १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाच्या स्फोटांत प्राणार्पण केलेल्या अग्निशामक जवानांचे ते स्मरण होय. त्या जहाजात स्फोटकांबरोबर सोन्याच्या विटाही होत्या. सोने पुन्हा मिळविता आले. गेलेली माणसे परत आली नाहीत.

तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी केवळ दंडाची पावती न फाडता वरील क्रमावली कारखान्याच्या भिंतीवर लागली आहे की नाही हे पाहावे आणि नसल्यास ती लावून घ्यावी. ज्या उमेदवाराला पहिल्या दिवशीच ज्योत पेटविण्याआधी ती विझविण्यास शिकविले जाते, त्याचा हात पुढे आयुष्यभर सुरक्षित राहतो. आणि त्या हाताखालच्या मजल्यावर झोपलेले कुटुंबही.